बॅटरीच्या सायकलीवरून देवगिरी

छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या माणसाला दौलताबादचा, म्हणजेच देवगिरीचा, किल्ला नवा नसतो. शाळेची सहल तिथे जाते. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की वेरूळच्या वाटेवर गाडी तिथे थांबतेच. मीही तो वर्षानुवर्षं असाच पाहत आले. तिकीट काढायचं, मेंढा तोफ बघायची, भारतमातेच्या मंदिरात जायचं, चाँदमिनारासमोर फोटो काढायचा आणि उन्हं चढायच्या आत वेरूळ गाठायचं. पार वर, बारादरीपर्यंत गेले होते ती स. भु. कॉलेजात असताना. पुढे संसार आला, बँकेतली नोकरी आली आणि निवृत्त होईतो गुडघे बोलायला लागले.

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, आम्ही काही जणी बॅटरीच्या सायकलीवरून तिथे गेलो. माझ्या धाकट्या नणंदेच्या ओळखीतला एक तरुण परवानाधारक गाइड आहे. वेरूळ-अजिंठ्याला परदेशी पाहुण्यांना नेण्याचं त्याचं काम. त्या पाहुण्यांकडून त्याने ऐकलं होतं की तिकडे लोक दिवसभराच्या सायकल सहलीला जातात, शेतांमधून, नदीकाठाने, एखाद्या जुन्या किल्ल्यापर्यंत. फ्रान्समध्ये तर ल्वार नदीच्या काठाने राजवाडे आणि किल्ले जोडणारा सुमारे 900 किलोमीटरचा सायकल मार्गच आहे. त्याच्या मनात आलं, आपल्याकडे शहरापासून पंधरा किलोमीटरवर देवगिरी उभा आहे, मग आपण का नाही? त्याने काही सायकली जमवल्या. नणंदेचा फोन आला, "वहिनी, गुडघ्याचं कारण सांगू नका. चढ मोटर चढते."

तिचं म्हणणं अगदी खरं नव्हतं आणि ते बरंच झालं. या सायकलीला पायंडल मारावंच लागतं. पायंडल फिरलं की मागच्या चाकातली मोटर जोर लावते, पाय थांबले की तीही थांबते. मदत किती हवी ते हँडलवरच्या बटनाने ठरवायचं. मोटर 250 वॉटची आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंतच असल्याने हिला नंबरप्लेट लागत नाही की लायसन्स लागत नाही. कायद्याच्या लेखी ती सायकलच. वजन मात्र साध्या सायकलीपेक्षा बरंच जास्त. गाइडने आम्हाला आधी मैदानात फेऱ्या मारायला लावल्या. ब्रेक दोन्ही एकदम आणि हळू दाबायचे, वळणावर पायंडल मारायचं नाही, कारण मोटर ढकलते. हे त्याने प्रत्येकीकडून करून घेतलं, मगच निघालो.

पहाटे नगर नाका ओलांडला तेव्हा अंगात स्वेटर होते. छावणीतली झाडं मागे पडली, पडेगाव गेलं, मिटमिटा गेलं. गाडीत बसून हा रस्ता म्हणजे नुसती दुकानं, मंगल कार्यालयं आणि प्लॉटिंगचे फलक. सायकलवरून त्या फलकांमागचं शिवार दिसतं. मक्याची कणसं खुडून झाली होती आणि वाळलेली ताटं उभी होती. कापसाची बोंडं फुटली होती, बायका ओटी बांधून वेचणीला लागल्या होत्या. तूर फुलावर होती. सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्याची जी दैना केली तिच्या खुणा अजून होत्या. सखल वावरांत कापूस काळा पडलेला, काही ठिकाणी बांध फुटून माती रस्त्याच्या कडेला आलेली. एका बांधावर थांबून आम्ही पाणी प्यायलो, तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, "बायांनो, वरची माती गेली, आता खाली मुरूम उरला." त्यांच्या वावराच्या मागे किल्ल्याचा डोंगर दिसत होता. आजींचं वाक्य पुढे दिवसभर माझ्याबरोबर राहिलं.

शरणापूरपाशी डाव्या हाताला भांगसीमातेचा गड दिसतो. तिथून रस्त्याला सारखे चढउतार आहेत. मी दुसऱ्या नंबरच्या मदतीवर होते. श्वास लागत होता, पण बोलता येत होतं. चाळीस वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यात कॉलेजला सायकलनेच जायचे, तेव्हाची लय पायांना ओळखीची वाटली.

किल्ल्याच्या तिकीटघरापाशी आलो आणि आमचा गाइड थांबलाच नाही. "काकू, किल्ला आधी बाहेरून बघायचा," तो म्हणाला. "आत गेल्यावर तो दिसत नाही." म्हणून आम्ही तशाच पुढे, गावातून, दिल्ली दरवाजाकडे गेलो.

दिल्ली दरवाजातून मी असंख्य वेळा गेले असेन. वेरूळचा रस्ताच त्यातून जातो. सुटीच्या दिवशी तिथे गाड्यांची कोंडी होते आणि आतले सगळे फक्त पुढची गाडी कधी हलते ते पाहत असतात. सकाळी सायकली बाजूला लावून आम्ही त्या कमानीखाली उभ्या राहिलो आणि दोन्ही बाजूंना नजर टाकली. तट डोंगरावर चढत गेला होता, बुरुजामागून बुरूज. हा अंबरकोट, किल्ल्याचा सगळ्यात बाहेरचा तट, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावाने ओळखला जाणारा. आज जे दौलताबाद गाव आहे ते या तटाच्या आत आहे. त्याच्या आत महाकोट आणि त्याच्याही आत कालाकोट. म्हणजे तिकीट काढून आपण ज्याला किल्ला म्हणतो, तो एका मोठ्या नगराचा आतला भाग आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच आजचं आमचं शहर. तटाला नाव देणारा आणि शहर वसवणारा माणूस एकच, आणि पंधरा किलोमीटरच्या त्या दोन टोकांमधला रस्ता आम्ही त्या सकाळी पायांनी मोजला होता.

दरवाजाच्या पुढे घाट लागतो. इथे मदत चौथ्या नंबरवर गेली. साध्या सायकलीवर मी पहिल्याच वळणावर उतरले असते. इथे पाय फिरत राहिले आणि सायकल वर जात राहिली. एका वळणावर गाइडने हात वर केला. मागे वळून पाहिलं तर समोर देवगिरी.

त्या जागेवरून त्याची रचना एका नजरेत कळते. सपाट मुलखात एकटाच उभा राहिलेला, सुमारे 200 मीटर उंचीचा, वर निमुळता होत गेलेला डोंगर. त्याच्या कमरेभोवतीचा उतारच कापून काढलेला आहे. सुमारे 50 मीटर उंचीचा उभा कडा, चहूबाजूंनी, छिन्नीने तासलेला. निसर्गाने कडा दिला नाही, तो माणसांनी घडवला. यादवांच्या काळात हे काम झालं असं मानतात. भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राजधानी केली आणि पुढे सिंघण, महादेव, रामचंद्र असे राजे झाले. वेरूळला डोंगर पोखरून कैलास लेणं कोरल्याला तेव्हा चारशे वर्षं होऊन गेली होती; ते कोरणाऱ्या याच मुलखातल्या पाथरवटांच्या पुढच्या पिढ्यांनी हा कडा तासला असेल, असं मला तिथे वाटलं. दगड तोच आहे, काळा बेसॉल्ट.

याच रस्त्यावर पुढे कागजीपुरा आहे. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून इथे आणली, त्या लोंढ्यात कागद करणारे कारागीर आले आणि इथे स्थिरावले, असं परंपरेने सांगतात. दिल्लीपासूनची ती वाट चाळीस दिवसांची, असं त्या काळचा प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवलंय. राजधानी परत गेली, कागदवाले राहिले. दौलताबादी कागद पुढे कित्येक शतकं महाराष्ट्रातल्या दप्तरांत वापरला गेला. पेशवाईतली कागदपत्रं हाताळणाऱ्यांना जुन्नरी आणि दौलताबादी ही कागदाची नावं पाठ असतात. आम्ही गेलो तेव्हा एका कारखान्यात चिंध्यांचा लगदा हौदात ढवळला जात होता. कारागीर जाळीची चौकट तिरपी पाण्यात बुडवायचा, सपाट वर उचलायचा, आणि जाळीवर ओला कागद उमटलेला असायचा. तो अलगद उलटून कापडावर घ्यायचा. भिंतीवर वाळत घातलेले कागद, जमिनीवर थप्प्या. "बाई, ये कागज दो सौ बरस टिकता," तिथले वयस्कर कारागीर आमच्या दखनीत म्हणाले. मी पत्रं लिहायला थोडे कागद घेतले. गाडीने इथून जाताना कधी थांबायचं सुचलं नव्हतं, कारण पाटी दिसेपर्यंत गाव मागे पडलेलं असतं.

उतरताना एकीच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. मोटर मागच्या चाकात आणि तिची वायर आत गेलेली, त्यामुळे चाक काढणं मोठं काम. गाइडने चाक न काढताच टायर एका बाजूने उचलला, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढला, काटा शोधला, ठिगळ लावलं. पंधरा-वीस मिनिटांत सायकल तयार. तोवर आम्ही सीताफळवालीपाशी बसलो होतो. दौलताबादच्या सीताफळांचा हंगाम संपत आला होता, टोपलीत शेवटची फळं होती आणि शेजारी पेरूंची रास. इब्न बतूताने इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची वाखाणणी केली आहे. डोंगर लढाऊ असला तरी त्याच्या भोवतीचा मुलूख बागायती होता.

सायकली एका ओळखीच्या खानावळीत लावल्या. बॅटऱ्या किल्लीने काढून आत साध्या प्लगला चार्जिंगला लावल्या. एक बॅटरी भरायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, मालकाने पैसे घ्यायला नकार दिला. मग आम्ही किल्ल्यात शिरलो. पाय ताजे होते. सायकलीचा खरा उपयोग मला इथे कळला. पंधरा किलोमीटर आणि घाट करूनही चढण्याची ताकद शिल्लक राहिली होती.

महाकोटाचा दरवाजा सरळ नाही. एकामागून एक वळणं, प्रत्येक वळणावर दरवाजा, दारांवर हत्तीची धडक रोखायला लोखंडी खिळे. आत गेल्यावर डावीकडे हत्ती हौद. सुमारे 38 मीटर लांब आणि तेवढाच रुंद, सहा मीटरहून अधिक खोल. आजूबाजूच्या डोंगरांतलं पाणी तलावांत अडवून मातीच्या नळांनी इथवर आणलेलं होतं. मी त्या हौदाच्या काठावर बराच वेळ थांबले. आमच्या शहरात नळाला आजही कित्येक दिवसांनी पाणी येतं. घराघरात टाक्या आणि ड्रम. इथे मात्र पाणी कुठून येतं, कुठे साठतं आणि उतार किती, याचा विचार आधी झाला, मग तट उभे राहिले. पर्यटकांच्या फोटोंत तोफा असतात, हौद फारसा नसतो. माझ्या मते या किल्ल्यातली सगळ्यात मोठी वास्तू हा हौदच.

भारतमातेचं मंदिर, चाँदमिनार ही ठिकाणं आम्ही लवकर आवरली. चिनी महालापाशी निळ्या नक्षीच्या फरशांचे थोडे तुकडे भिंतीला उरलेत. 1687 मध्ये गोवळकोंडा पडल्यावर कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने इथे कैदेत ठेवलं, तो मरेपर्यंत इथेच होता. आणि याच दौलताबादेत 1629 मध्ये निजामशहाच्या दरबारात लखुजी जाधवांना मुलांसह दगा झाला. जिजाऊंचे वडील, भाऊ. त्यांचं सिंदखेडराजा इथून फार दूर नाही. मी दोन मुलांची आई आहे. माहेर असं एका दिवसात पुसलं जाणं म्हणजे काय, याचा विचार करताना मला तिथे उभं राहवेना.

खंदकावरचा पूल अरुंद, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढा. तो ओलांडला की अंधारी सुरू होते, डोंगराच्या पोटातून कोरलेली वाट. वटवाघळांचा वास नाकात बसतो. गाइडने टॉर्च विझवायला सांगितली आणि आम्ही एकमेकींचा हात धरून क्षणभर उभ्या राहिलो. पुढे या वाटेत उभा जिना लागतो. त्याच्या तोंडावर लोखंडी जाळी टाकून वर मोठा जाळ पेटवायची सोय होती, म्हणजे खालून येणाऱ्याला धूर आणि आग. असा किल्ला लढून घेणं जवळजवळ अशक्य. पण तो पडला, वारंवार पडला. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजी आला तेव्हा किल्ल्यात घाईने भरलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. 1633 मध्ये मोगलांच्या वेढ्यातही आतल्या माणसांचे अन्नावाचून हाल झाले आणि शेवटी दरवाजे उघडले गेले. कडा, खंदक, अंधारी, तोफा सगळं शाबूत असताना धान्य संपलं. सकाळच्या त्या आजींचं बोलणं मला अंधारीतून बाहेर पडताना पुन्हा ऐकू आलं. डोंगराची ताकद खालच्या मातीत होती.

गणपतीच्या देवळापासून बारादरीपर्यंतच्या पायऱ्या गुडघ्यांनी सोसल्या. मध्ये बसत, पाणी पीत चढलो. बारादरीच्या कमानींतून वारा इतका गार येत होता की उन्हाचा विसर पडला. त्याच्याही वर, टोकाशी, जनार्दनस्वामींचं स्थान. ते या किल्ल्याचे किल्लेदार, दत्तभक्त आणि एकनाथांचे गुरू. पैठणहून लहानगा एकनाथ गुरूच्या शोधात इथे आला, इथेच राहिला. किल्ल्याच्या कारभाराला गुरुवारची सुटी जनार्दनस्वामींमुळे असे, अशी आठवण सांगतात. मुसलमान राजवटीत किल्लेदार असलेला हिंदू साधू, आणि त्याच्या पायाशी बसून हिशेब आणि परमार्थ दोन्ही शिकलेला पैठणचा मुलगा. मराठवाड्याला जे सांगायचं आहे ते पुष्कळसं या एका जागेत आहे. आम्ही तिथे काही न बोलता बसलो. नणंदेने हलक्या आवाजात हरिपाठ म्हटला.

वरून सगळं दिसत होतं. अब्दीमंडीकडची शेतं, मोमबत्ता तलावाचं पाणी, अंबरकोटाची तुटक रेषा, दिल्ली दरवाजा आणि सकाळचा घाट. माळीवाड्याच्या बाजूला समृद्धी महामार्ग. त्यावरून नागपूर-मुंबई 701 किलोमीटर काही तासांत कापता येतं, पण दुचाकीला तिथे बंदी आहे. पूर्वेला धुरकट शहर. आपण कुठून कसे आलो ते बोटाने दाखवता आलं. गाडीने येऊन वर चढले असते तर यातलं एकही ठिकाण मला ओळखता आलं नसतं.

खाली उतरून पिठलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. बॅटऱ्या भरल्या होत्या. परतीचा रस्ता मात्र सकाळसारखा नव्हता. दुपारनंतर ट्रक, एसटी, वेरूळहून सुटलेल्या गाड्या, सगळे एकदम. डांबराच्या कडेला खडी आणि खड्डे, आणि मागून हॉर्न. मिटमिट्यापर्यंत आम्ही एका रांगेत, गाइड सगळ्यात मागे पिवळं जाकीट घालून. दिवसभरात भीती वाटली ती एवढ्याच पट्ट्यात. अंधारीत वाटली नव्हती.

म्हणून जे या जिल्ह्याचं पर्यटन पाहतात त्यांना माझी विनंती आहे. ल्वारच्या 900 किलोमीटरचं सोडा, नगर नाक्यापासून दिल्ली दरवाजापर्यंत रस्त्याच्या कडेने सायकलींपुरती एक स्वतंत्र पट्टी करा आणि किल्ल्यासमोर चार्जिंगचे चार प्लग बसवा. शाळेची मुलं येतील, आमच्यासारख्या साठीच्या बाया येतील, कागजीपुऱ्याचा कागद आणि अब्दीमंडीचे पेरू विकले जातील. आणि वाचकहो, ती पट्टी होईपर्यंत जायचं असेल तर थंडीत जा, उजाडायच्या आत निघा, दुपारी एकच्या आत परत फिरा, टॉर्च बरोबर घ्या, आणि तिकीट काढण्याआधी घाट चढून किल्ला एकदा बाहेरून पाहा.